निळी टिक म्हणजे पोच नव्हे

भोसरी एमआयडीसीतल्या चौदा माणसांच्या सीएनसी वर्कशॉपचं ऑफिस सांभाळणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीकडे त्यांचं ३ लाख ८६ हजारांचं बिल ७२ दिवस अडकलंय. परचेसच्या साहेबांना व्हॉट्सॲपवर अकरा मेसेज केले. अकराही वाचले गेले, उत्तर एकालाही नाही. शिवाय आपल्याच ऑफिसात दोन टेबलं सोडून बसणारे सहकारी डिस्पॅचची माहिती ग्रुपवर विचारली की गप्प राहतात. त्या लिहितात, "भिंतीशी बोलतेय असं वाटतं. मालक मलाच विचारतात पैसे का आले नाहीत. माझं काय चुकतंय?"

ताई, तुम्ही मनाला फार लावून घेताय असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते बाजूला ठेवा. वाचून गप्प राहणं लागतंच. पूर्वी पत्र पोचलं नसेल, फॅक्स नीट उमटला नसेल, अशी मनाची समजूत घालता यायची. २०१४ च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या आणि ती सोय गेली. आता समोरच्याने वाचलं हे दिसतं, उत्तर दिलं नाही हेही दिसतं. मधल्या रिकाम्या जागेत आपण आपलाच अपमान भरतो.

मी २७ वर्षं या कामात आहे. पहिली नऊ वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये आणि परचेसमध्ये, म्हणजे तुमचे ते साहेब बसतात त्याच खुर्चीत. नंतरची अठरा वर्षं छोट्या युनिटांची येणी वसूल करण्यात गेली. म्हणून दोन्हीकडचं सांगतो. आधी त्या खुर्चीतलं.

तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. फॅक्स यायचे, ईमेल नुकते सुरू झाले होते, आणि पुरवठादार गेटवरून आत चिठ्ठी पाठवायचे. तळेगावच्या बाजूचे एक प्रेस पार्ट्सवाले होते. स्टीलचे भाव चढले, आमच्या वरिष्ठांनी तोंडी नवा दर कबूल केला, त्यांनी नव्या दराने बिल लावलं. पण सिस्टिममध्ये पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, जुन्या दराचीच. पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) आणि बिल या तिन्हींतला आकडा जुळल्याशिवाय अकाउंट्स बिल पुढे सोडत नाही. बिल अडकलं. पीओ सुधारायला वरिष्ठांची सही हवी, आणि वरिष्ठ म्हणाले, "थांब जरा." प्रेस पार्ट्सवाल्यांनी मला नऊ वेळा विचारलं. मी एकदाही उत्तर दिलं नाही.

का दिलं नाही? वेळ नव्हता असं नाही. "दर जुळत नाही" म्हणालो असतो तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, "मग अडलंय कोणाकडे?" त्याचं खरं उत्तर होतं, माझ्या साहेबांकडे. ते बाहेर बोलायचा मला अधिकार नव्हता, आणि खोटं बोलायची इच्छा नव्हती. म्हणून गप्प बसलो. आठवड्यामागून आठवडे गेले, आणि जितके दिवस गेले तितकं बोलणं अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी एका वाक्यात सांगता येणारी गोष्ट चाळिसाव्या दिवशी माफी मागून सांगावी लागते.

शेवटी ते गेटच्या केबिनमध्ये येऊन बसले. मी बाहेर गेलो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "साहेब, पैसे नाहीत म्हणा, पण काहीतरी म्हणा. मी बँकेत काय सांगू?" त्यांचं कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज, मर्यादेला टेकलं होतं. मी उभ्या उभ्या दोन मिनिटांत खरं काय ते सांगितलं. ते लगेच म्हणाले, "मग जुन्या दराचं बिल घ्या, फरकाचं पुरवणी बिल मी वेगळं लावतो." मूळ रक्कम आठ दिवसांत मिळाली. हा मार्ग पहिल्या दिवसापासून होता. माझ्या गप्प बसण्यामुळे तो त्या माणसाला दोन महिने दिसला नाही. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही, आणि आज तुम्हाला इतकं लांबलचक लिहितोय त्याचं कारणही तेच वाक्य आहे.

सांगायचं एवढ्याचसाठी की त्या साहेबांच्या गप्प राहण्यात तुमच्याबद्दलचं मत बहुधा नसतंच. बहुतेक वेळा त्यांच्याकडे उत्तर नसतं, किंवा असतं पण ते त्यांनी द्यायचं नसतं, किंवा उत्तर "नाही" असतं आणि ते तोंडातून निघत नाही. आपल्याकडे स्थळ बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. मुलीकडच्यांनी पंधरा दिवसांनी काय ते समजून घ्यायचं. निदान तिथे "पत्रिका जुळत नाही" असं एक सभ्य वाक्य तरी हाताशी असतं. धंद्यात तसं वाक्यच नाही. मग "बघतो", "प्रोसेसमध्ये आहे", आणि त्यापुढे शांतता.

आता तुमच्या मेसेजकडे येतो. तुम्ही मजकूर दिलेला नाही, पण अशा शेकडो मेसेजांचा साचा मला पाठ आहे: "सर, पेमेंटचं काय झालं? प्लीज अपडेट द्या." वाक्य साधं आहे, पण त्याचं उत्तर द्यायला साहेबांनी तुमचं बिल कुठलं ते शोधायचं, स्टोअरला विचारायचं, क्वालिटीला विचारायचं, मग अकाउंट्सला. त्यांच्याकडे तुमच्यासारखे शंभर-दीडशे पुरवठादार असतात. मेसेज वाचतात, नंतर बघू म्हणतात, आणि तो खाली जातो. दुसरा मेसेज नुसता "सर?" असेल तर तोही पहिल्याच्या मागे जातो.

त्याऐवजी असं लिहून बघा:

"नमस्कार सर. बिल नं. ११८, रक्कम ३,८६,०००. माल तुमच्या गेटवर इनवर्ड झाल्याचा शिक्का असलेल्या चलनाचा फोटो जोडला आहे. एकच विचारायचं आहे: या चलनाचा जीआरएन झाला आहे का? नंबर मिळाला तर पुढचं मी अकाउंट्सकडे विचारते."

यात साहेबांना स्क्रीनवर एक नंबर टाकून बघण्यापलीकडे काम नाही. "झालाय" किंवा "नाही झाला", दोन्ही उत्तरं त्यांच्या अधिकारातली. पेमेंट त्यांच्या हातात नसतं, जीआरएन बघणं असतं. शिवाय नंबर दिला की तुम्ही त्यांच्या मागचा ससेमिरा सोडणार, हेही त्यांना कळतं. माझ्या अनुभवात अडकलेली बिलं बहुतेक चारच ठिकाणी अडकतात: जीआरएन झालेला नाही, क्वालिटीने माल होल्डवर ठेवलाय, पीओ आणि बिल यांचा दर किंवा नग जुळत नाही, नाहीतर तुमचं बिल त्यांच्या जीएसटी २बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीत, दिसत नाही. शेवटचं आधी घरी तपासा. तुमच्या चार्टर्ड अकाउंटंटनी त्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणात) बिल टाकलं नसेल किंवा गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर एका अक्षराने चुकला असेल, तर तिकडे इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) अडतं आणि तुमचं बिल बाजूला पडतं. हे तुम्हाला कळवायचं काम आपलं आहे असं तिथे कोणालाच वाटत नाही.

यात एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे पोच. कचेरीत अर्ज दिला की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून मिळतो. ती पोच. त्यात अर्ज मंजूर झाला असं कोणी म्हणत नाही. कागद मिळाला, आता तो आमच्या अंगावर आहे, एवढंच ती सांगते. उत्तर ही त्यानंतरची, वेगळी गोष्ट. आपण मेसेजवर या दोन्हींची गल्लत केली. निळी टिक फक्त मेसेज उघडल्याचं दाखवते. काम अंगावर घेतल्याचं माणसाने म्हणावं लागतं. म्हणून मी शिकवतो की उत्तर मिळत नसेल तर पोच मागा. "सर, आत्ता उत्तर नसेल तर चालेल, फक्त मिळालं एवढं लिहा आणि कधी विचारू ते सांगा. गुरुवारी विचारू का?" पोच देणं कोणालाही जड जात नाही. आणि एकदा गुरुवार ठरला की शुक्रवारचा तुमचा मेसेज कटकट राहत नाही, ठरल्याप्रमाणे आलेला असतो.

तरीही गप्पच राहिले तर? मग कायद्याकडे या, कारण गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा हे कायद्याने काही ठिकाणी ठरवून ठेवलंय, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती नाकारली असं समजतात आणि अपिलाचा मार्ग खुला होतो. तिथे गप्प बसणं म्हणजे नकार. तुमच्या बाबतीत नेमकं उलट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यात असं आहे की माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे इथे गप्प बसणं हा होकार. सत्तराव्या दिवशी "क्वालिटीचा इश्यू होता" म्हणायला फारशी जागा उरत नाही.

तिथून पैशांची मुदत मोजायची. लेखी करार असेल तर त्यातली, पण कितीही म्हटलं तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. पीओवर ९० दिवस छापलेले असले तरी ४५च. लेखी काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. ते मागायला सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषद आहे, पुणे विभागाचीही आहे. निकाल खरेदीदाराविरुद्ध गेला आणि त्याला आव्हान द्यायचं असेल तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. मात्र तुमची उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी) माल देण्याआधीची हवी. नंतर केलेली नोंदणी मागच्या बिलांना लावायला गेलात की वाद होतो. आणि निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली तरी या वसुलीचा फायदा नाही. तुमचं उत्पादन आणि जॉबवर्क आहे, त्यामुळे तुमची अडचण नाही.

पण परिषदेत जाणं ही शेवटची पायरी. वेळ लागतो, आणि त्या गिऱ्हाइकाकडे पुन्हा काम मिळेलच असं नाही. त्याआधी त्यांच्या फायनान्सला काय टोचतं ते ओळखा. एक, २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात तरतूद आली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली: सूक्ष्म आणि लघु युनिटांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी वजा मिळतो. ३१ मार्चला तुमचे पैसे थकलेले असतील तर त्यांचा करपात्र नफा तेवढा वाढतो. दोन, ४५ दिवसांपुढे गेलेल्या थकबाकीचं विवरण कंपन्यांना दर सहामाहीला सरकारला द्यावं लागतं, ऑक्टोबर आणि एप्रिलच्या अखेरीस, आणि त्यात पुरवठादाराचं नाव येतं. तीन, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. परचेसच्या साहेबांना यातलं काही ठाऊक नसतं. अकाउंट्सच्या प्रमुखांना सगळं ठाऊक असतं.

म्हणून तुमचा पुढचा कागद परचेसला नको, अकाउंट्सला जाऊ द्या, ईमेलने, परचेसला सीसी ठेवून. सोबत लेजर (त्यांच्या खात्याचा उतारा) आणि बिलाची प्रत. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा. मजकुरात धमकीचा एक शब्द नको: "आमची नोंदणी सूक्ष्म उपक्रम म्हणून आहे. माल अमुक तारखेला पोचला, लेखी हरकत आलेली नाही. ४५ दिवस अमुक तारखेला पूर्ण झाले. कृपया लेजर तपासून शिल्लक कळवावी." हे वाचून काय करायचं ते त्या खात्याला बरोबर समजतं. परचेसच्या साहेबांना मात्र आधी फोन करून सांगा, "सर, अकाउंट्सना लेजर पाठवतेय, तुम्हाला सीसीत ठेवलंय." न सांगता वर तक्रार केली की माणूस दुखावतो आणि पुढची दहा वर्षं लक्षात ठेवतो. सांगून केलं तर बऱ्याचदा त्यालाच हायसं वाटतं, कारण त्याला जे वर बोलता येत नव्हतं ते तुमच्या कागदाने बोललं.

मालक तुम्हालाच विचारतात, त्यावर एक सुचवतो. बिलागणिक एक ओळ ठेवा: माल पोचल्याची तारीख, १५ दिवस कधी झाले, ४५ कधी झाले, कोणाला कधी विचारलं, काय कळलं. दर सोमवारी ती मालकांपुढे ठेवा. "उत्तरच देत नाहीत हो" याने तुमच्यावर शंका येते. "४५ दिवस अमुक तारखेला झाले, फायनान्सला तुम्ही फोन करायची वेळ आली आहे" याने काम मालकांच्या टेबलावर जातं, आणि काही फोन मालकांनीच करायचे असतात. तुमच्या अकरा मेसेजांनी जे होत नाही ते दोन मालकांच्या पाच मिनिटांच्या बोलण्याने होतं. यात तुमचा कमीपणा नाही.

आता दोन टेबलं पलीकडचे सहकारी. खरं सांगायचं तर मला तुमच्या पत्रातला हा भाग जास्त बोचला. बाहेरचा माणूस परका असतो, हा तर डबा शेजारी बसून खातो.

ग्रुपवर विचारणं आधी थांबवा. चौदा जणांना विचारलेला प्रश्न कोणालाच विचारलेला नसतो, प्रत्येकाला वाटतं दुसरा सांगेल. नाव घेऊन, एकट्याला विचारा. आणि तो माणूस कशाने बोलतो ते बघा. मी ज्यांची येणी बघायचो त्या एका युनिटच्या स्टोअरला एक काका होते, मेसेजला कधी उत्तर नाही म्हणून सगळे त्यांना आढ्यतेखोर म्हणायचे. मी एकदा जाऊन शेजारी बसलो. त्यांना त्या छोट्या कीबोर्डवर मराठीत टाइप करता येत नव्हतं, इंग्रजीत चुकेल आणि पोरं हसतील याची भीती वाटत होती. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना आवाजातला मेसेज पाठवू लागलो, तेही बोलूनच उत्तर देऊ लागले, पाच मिनिटांच्या आत. तोवर दीड वर्ष आम्ही एका चांगल्या माणसाला वाईट ठरवत होतो.

अर्थात सगळेच काका नसतात. काही जण मुद्दाम टाळतात, कारण लेखी उत्तर दिलं की जबाबदारी चिकटते. त्यांच्याशी त्या पंधरा दिवसांच्या कलमासारखंच वागायचं. "चलन नं. ३४२ चे नग २४० धरून मी उद्या ११ वाजता बिल करतेय. बदल असेल तर त्याआधी सांगा." आता गप्प बसणं हेही उत्तर झालं, आणि ते लेखी आहे. यात एक पथ्य मात्र कडक पाळा: जो निर्णय तुमच्या अधिकारात आहे तिथेच हे वापरा. दुसऱ्याचा निर्णय "तुम्ही बोलला नाहीत म्हणून मी घेतला" असं केलंत तर तो विश्वासघात होतो.

आणि मेसेज न करता उठून जाणं. दोन टेबलं म्हणजे आठ पावलं. कधीकधी चहाचा कप घेऊन विचारलं की दोन आठवड्यांचं मौन सुटतं. मनात राग असताना ती आठ पावलं जड वाटतात हे मला ठाऊक आहे. तरी एकदा जा, आणि तक्रार न करता विचारा, "माझे मेसेज तुम्हाला कुठल्या वेळी आले तर सोयीचे?"

तुमच्या पत्राच्या शेवटी ओघात आलेलं, म्हणजे बँक आणि ऑनलाइन दुकानं दाद देत नाहीत, ते तुलनेने सोपं आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती सोडवायची, असा २०२० चा नियम आहे. बघा, तिथेही पोच आणि उत्तर वेगवेगळं मोजलंय. नाहीच झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

एक विनंती, आणि ती मनापासून आहे. तुमच्या युनिटचे पैसे कोणीतरी अडवलेत, तसे तुमच्या युनिटने कोणाचे अडवले असतील: हीट ट्रीटमेंटवाले, प्लेटिंगवाले, टेम्पोवाले. त्यांचे मेसेज बहुधा तुमच्याच फोनवर येत असतील, आणि वरून पैसे सुटत नाहीत म्हणून तुम्हीही गप्प असाल. आज संध्याकाळी त्या प्रत्येकाला एक ओळ पाठवा: "बिल मिळालंय. आमचेच पैसे अडकलेत, या महिन्यात जमणार नाही, १० तारखेला नक्की कळवते." आणि १० तारखेला खरंच कळवा, पैसे नसले तरी.

उद्या सकाळी पहिलं काम जीएसटीआर-१ तपासण्याचं. ते बरोबर असेल तर जीआरएनचा प्रश्न दहाच्या आत पाठवा. मीटिंगा सुरू होण्याआधी परचेसचा माणूस स्क्रीनसमोर असतो. दोन दिवसांत नंबर आला नाही तर चलनाची शिक्का मारलेली प्रत घेऊन गेटवर जा आणि स्टोअरला भेटायचं म्हणा, परचेसला नको. जीआरएन स्टोअर करतं. त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहा, पुढचं पत्र आपण मिळून करू.